मारेकऱ्यासाठी हळहळ

गुप्तहेरांच्या आणि पोलिसांच्या मालिका आमच्या मुरुडात किती आवडीने पाहिल्या जातात, हे वेगळे सांगायला नको. ज्यांनी जन्मात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही ते, आणि ज्यांना ती नको तितक्या वेळा चढावी लागली ते, दोघेही सारख्याच हौसेने पाहतात. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका लागली तेव्हा आम्ही शाळेत होतो आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून ती पाहत होतो. लाइट गेली की खुनी कोण ते कळायचे राहून जाई. मग २१ जानेवारी १९९८ पासून सोनी वाहिनीवर ‘सी.आय.डी.’ सुरू झाली ती २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. दीड हजारांवर भाग झाले. तेवढ्या काळात आमचे बी.कॉम. झाले, नोकरी लागली, लग्न झाले, मुले झाली, डोक्यावरचे केस विरळ झाले. एसीपी प्रद्युम्न मात्र तसेच बोटे फिरवीत संशय घेत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये मालिका पुन्हा सुरूही झाली. ती भूमिका करणारे शिवाजी साटम हे पूर्वी बँकेत नोकरीला होते, त्यामुळे आम्हां कारकून मंडळींना ते अंमळ घरचेच वाटतात.

आज आम्हांला लिहायचे आहे ते या मालिकांच्या शेवटच्या दहा मिनिटांबद्दल. सबंध तासभर घरातली सगळी मंडळी खुनी धरायला पोलिसांच्याही पुढे धावत असतात. “हाच असणार बघा, याचे डोळेच सांगतात.” अखेर खुनी सापडतो. “हो, मीच मारलं त्याला,” असे तो ओरडतो आणि तिथून संगीत बदलते. चित्राचा रंग फिका होतो. दहा-बारा वर्षांपूर्वीचे घर दिसते. एक हसरी बहीण दिसते, किंवा सावकारापायी गळफास घेतलेला बाप, किंवा भेसळीच्या औषधाने गेलेले लेकरू. मेलेला माणूस हा त्या सगळ्याला कारण असतो. इथे आमची आई पदराने डोळे पुसते आणि म्हणते, “बरं केलं मेल्याला मारलं.” आमच्या सौ. म्हणतात, “सोडून द्यायला पाहिजे होतं हो त्या पोराला.” आणि नववीतली आमची लेक विचारते, “मग पोलीस आलेच कशाला?”

शेजारी, कचेरीत, विहारात रविवारी जमणाऱ्या मंडळींत, सगळीकडे हेच ऐकू येते. घटकाभरापूर्वी ज्याला धरायची घाई होती, तो धरला गेल्यावर त्यालाच सोडा, अशी लोकांची मागणी. आम्हांला याचे हसू येत असे. पुढे पुढे मात्र ते येईनासे झाले.

हिशेब केल्याशिवाय कारकुनाला चैन पडत नाही. आम्ही एकदा घड्याळ लावून एक भाग पाहिला. मेलेला माणूस जिवंतपणी जेमतेम दोन वाक्ये बोलला होता आणि उरलेला वेळ पांढऱ्या चादरीखाली होता. मारेकऱ्याला मात्र आपली बाजू सांगायला भरपूर वेळ मिळाला, वर सतार आणि बासरी मिळाली. ज्याचे तोंड कायमचे मिटले आहे त्याला उलटतपासणी नाही, वकील नाही, आई नाही. त्याच्याही घरी कोणी रडत असेल, पण कॅमेरा त्या घरी जात नाही. गेला तर हळहळ वाटून जाईल आणि गोष्ट फसेल.

दुसरी सोय लेखकाने आधीच केलेली असते. त्या फिक्या रंगाच्या चित्रात एखादे वाक्य हमखास येते. तक्रार दिली होती पण घेतली नाही, साक्षीदार फुटला, पैसे चारून फाइल बंद झाली. एवढे एक वाक्य आले की प्रेक्षकाच्या मनातला शेवटचा अडसर निघतो. कारण हे वाक्य त्याला खोटे वाटत नाही. बाकीच्या भागातले मुखवटे, विषाच्या बाटल्या, प्रयोगशाळेत तासाभरात येणारे अहवाल यांच्यावर तो हसतो, पण फाइल बंद झाली यावर त्याचा बसल्या जागी विश्वास बसतो. आमची आई जेव्हा “बरं केलं” म्हणते, तेव्हा ती टीव्हीतल्या पोराबद्दल कमी आणि तिने पाहिलेल्या कोर्टकचेऱ्यांबद्दल जास्त बोलत असते, असे आमचे मत झाले आहे.

ही युक्ती आजकालची नाही. शेरलॉक होम्सची पहिलीच कथा १८८७ सालची, आणि तिच्यातला खुनी जेफरसन होप हा सूड घेणाराच आहे. समुद्र ओलांडून त्याने दोघांचा पाठलाग केलेला असतो. वाचकाला त्याची इतकी दया येते की त्याला फासावर कसे द्यायचे, हा लेखकापुढे प्रश्नच पडावा. कॉनन डॉइलने तो असा सोडवला की होप कोर्टात उभा राहण्याआधीच हृदयाजवळची रक्तवाहिनी फुटून मरतो. अगाथा ख्रिस्तीने १९३४ साली तर बारा जणांना एकाच माणसाच्या खुनात उतरवले आणि हर्क्युल प्वारोला दोन उलगडे सांगायला लावले, एक खरा आणि एक पोलिसांसाठी. पुढे इंग्लंडमध्ये २०१० साली त्याची टीव्हीसाठी आवृत्ती झाली, तीत डेव्हिड सुशेचा प्वारो मारेकऱ्यांना सोडतो खरा, पण ते करताना त्याच्या जिवाची घालमेल होते. आम्हांला तीच आवडली. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचा काळापहाड कायद्याच्या बाहेर राहूनच दुर्जनांना धडा शिकवीत होता, आणि आमच्या आधीच्या पिढीने त्या पुस्तिका अंथरुणात दडवून वाचल्या.

कायद्याचे म्हणणे मात्र प्रेक्षकाच्या अगदी उलटे आहे. अचानक आणि गंभीर प्रक्षोभ झाला व त्या भरात हातून खून झाला, तर कायदा गुन्हा थोडा हलका धरतो. पण जितका वेळ गेला तितकी ही सवलत कमी होते. मालिकेतला पोरगा बारा वर्षे थांबतो, नाव बदलतो, त्याच बंगल्यात नोकर म्हणून राहतो. प्रेक्षकाला यात निष्ठा दिसते. न्यायाधीशाला थंड डोक्याने रचलेला कट दिसतो.

मुंबईच्या नानावटी खटल्यात हाच मुद्दा होता. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीचा प्रियकर प्रेम अहुजा याला गोळ्या घातल्या. तत्पूर्वी त्यांनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग अहुजाचे घर गाठले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष ठरविले. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती, आणि देखण्या, गणवेशातल्या अधिकाऱ्यासाठी सबंध मुंबई हळहळत होती. उच्च न्यायालयाने मात्र जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि म्हटले की मधल्या तीन तासांत डोके शांत व्हायला पुरेसा वेळ होता. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि नानावटी कुटुंब कॅनडाला गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. या प्रकरणावरून २०१६ साली ‘रुस्तम’ हा चित्रपट निघाला. त्यात मेलेल्या माणसाच्या नावावर देशाच्या संरक्षण व्यवहारातला घोटाळाही चढवला आहे. नुसत्या प्रियकराला मारलेले आजच्या प्रेक्षकाला पुरेसे वाटणार नाही, अशी लेखकाला शंका आली असावी.

नानावटींच्या जागी गोदीतला हमाल असता तर मुंबई हळहळली असती का, हा प्रश्न वाचकांच्या मनात आलाच असेल. आमच्याही येतो. त्याचे उत्तर पुढच्या दोन गोष्टींत थोडेफार आहे.

१३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात भर दुपारी अक्कू यादव या गुंडाला बायांनी ठार मारले. कस्तुरबानगरच्या त्या बाया होत्या. हातात भाजी चिरायच्या सुऱ्या आणि मिरचीची पूड. कित्येक वर्षे त्याने त्या वस्तीला छळले होते, घरात शिरून अत्याचार केले होते, आणि तक्रारी करूनही त्याचे काही होत नव्हते. त्या दिवशी तो जामिनाच्या सुनावणीला आला होता. नंतर अटका झाल्या तेव्हा वस्तीतल्या शेकडो बाया म्हणू लागल्या, आम्हांलाही धरा, आम्हीही मारले. २०१४ मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. २०२१ साली यावर ‘२०० हल्ला हो’ हा चित्रपट आला. अमोल पालेकर त्यात निवृत्त न्यायाधीश आहेत आणि रिंकू राजगुरू वस्तीतली मुलगी. २०२२ साली याच घटनेवर माहितीपटाची मालिकाही निघाली.

या बायांबद्दल आम्हांला काय वाटते? खरे सांगायचे तर वाईट वाटत नाही. त्यांना नावे ठेवायला आमची जीभ उचलत नाही. त्यांचे जे झाले ते आमच्या घरात झाले असते तर आम्ही अर्ज लिहीत बसलो असतो असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण कोणी त्याला न्याय म्हटले की आमचा हात थांबतो, आणि तो का थांबतो याचे कारण नागपूरपासून फार दूर नाही. ते भंडारा जिल्ह्यात आहे.

खैरलांजीत २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका आणि रोशन व सुधीर हे दोन मुलगे यांना गावातल्या जमावाने मारून टाकले. काय झाले ते आमच्या वाचकांना ठाऊक आहे, पुन्हा उगाळत नाही. त्यात एक गोष्ट मात्र या विषयाच्या मुळाशी आहे. काही दिवस आधी सिद्धार्थ गजभिये यांना मारहाण झाली होती आणि सुरेखा व प्रियंका यांनी मारणाऱ्यांना ओळखून तसे पोलिसांना सांगितले होते. त्या प्रकरणात जामिनावर सुटून आले त्याच दिवशी लोकांनी भोतमांगेंचे घर गाठले. खटला चालला. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरून सहांना फाशी दिली. १४ जुलै २०१० रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची सक्तमजुरी ठरविली. आणि हे हत्याकांड जातीतून झाले नाही, सुडातून झाले, असे म्हटले. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही.

सूड! दोन बायकांनी खरी साक्ष दिली, तिचा सूड. तेव्हापासून हा शब्द टीव्हीवर ऐकला की आमच्या अंगावर काटा येतो. मालिकेत सूड घेणारा एकटा असतो, दुबळा असतो आणि त्याचे बरोबर असते, कारण आपण ते फिक्या रंगाचे चित्र पाहिलेले असते. गावात ते चित्र कोणी दाखवीत नाही. गावात वस्तीवर चालून येणारा प्रत्येक जमाव आपल्यावर आधी अन्याय झाला असेच म्हणत येतो. आमच्या पोरीकडे पाहिले, आमच्यापुढे गाडी काढली, आमच्याविरुद्ध तोंड उघडले. त्यांच्या मनात त्यांचे संगीत वाजत असते.

भैयालाल भोतमांगे तेवढे वाचले होते. बायको गेली, तीन लेकरे गेली. मालिकेच्या हिशेबाने सूड घेण्याचा याहून मोठा हक्क कुणाचा? ते कोर्टात जात राहिले. एका कोर्टातून दुसऱ्या कोर्टात. २० जानेवारी २०१७ ला नागपुरात हृदयविकाराने गेले, तोपर्यंत जात राहिले. त्यांच्या थांबण्यावर दर आठवड्याची मालिका निघणार नाही. तारखेमागून तारीख यात पाहण्यासारखे काय आहे?

गणवेशातल्या माणसाने सूड घेतला की हळहळीचे रूपांतर फुलांत होते, तेही सांगून टाकतो. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या चार आरोपींना पोलिसांनी चकमकीत मारले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर पाकळ्या उधळल्या. न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला. चकमक बनावट होती असे त्यात होते. त्या दिवशी पाकळ्या उधळणारे कोणी तो वाचायला बसले असतील असे वाटत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत जे भाषण केले, त्यात घटनेचे मार्ग मोकळे असताना रक्तपाताचे मार्ग सोडून द्या असे बजावले होते. ते भाषण आपण दरवर्षी संविधान दिनाला वाचतो. त्यातले “मोकळे असताना” हे शब्द वाचताना मुरुडच्या आसपासच्या खेड्यांतले लोक आमच्याकडे कसे पाहतात ते आम्हांला दिसते.

वैराविषयीची धम्मपदातली गाथाही सर्वांना पाठ आहे, ती इथे देत नाही. पण विनयपिटकाच्या महावग्गात दीघावू कुमाराची गोष्ट आहे ती आम्हांला फार आवडते, कारण ती कुठल्याही गुप्तहेर कथेइतकी रंगतदार आहे. काशीच्या ब्रह्मदत्ताने कोसलच्या दीघीती राजाचे राज्य घेतले. राजाराणी वेष पालटून काशीतच एका कुंभाराच्या घरी राहू लागली. त्यांच्या जुन्या न्हाव्याने ओळख दिली आणि ब्रह्मदत्ताने त्यांना नगारा वाजवीत रस्त्यारस्त्यांतून फिरवून तुकडे करून मारले. दीघावू त्या गर्दीत होता. बापाने त्याला दुरून पाहून सांगितले, लांब पाहू नकोस, आखूड पाहू नकोस. लोकांना वाटले म्हातारा बरळतो आहे. पुढे हाच पोरगा नाव लपवून ब्रह्मदत्ताच्या हत्तीशाळेत कामाला लागला, पहाटे वीणा वाजवून गायला लागला, राजाच्या मर्जीत बसला. एके दिवशी शिकारीत त्याने रथ मुद्दाम सैन्यापासून दूर नेला. थकलेला राजा त्याच्याच मांडीवर डोके ठेवून झोपला. दीघावूने तलवार उपसली. तीन वेळा उपसली आणि तीन वेळा म्यान केली. बापाच्या बोलण्याचा अर्थ त्याला लागला होता. वैर लांबवू नकोस, आणि घाईने माणूस तोडू नकोस. तलवार म्यान करण्याच्या त्या क्षणासाठी श्रोत्याचा श्वास अडकावा, अशी ती गोष्ट सांगणाऱ्याची हातोटी आहे. आजच्या एखाद्या मालिकावाल्याने हे करून दाखवावे.

आता आमच्या माहितीतल्या एका घराविषयी. नावगाव सांगत नाही. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात या घरातला थोरला मुलगा मारला गेला. गुन्हा नोंद झाला, ॲट्रॉसिटीचे कलम लागले, दोषारोपपत्र गेले. आरोपी जामिनावर सुटून गावात आले आणि रोज हॉटेलात चहा पिऊ लागले. धाकटा एकोणीस वर्षांचा. त्याच्या मोबाइलवर या मालिकांचे नुसते शेवटचे तुकडे. तेवढेच पुन्हा पुन्हा पाहायचा. त्याच्या आईने आम्हांला बोलावून घेतले. “दादा, ह्याला जरा समजावून सांगा. रातचा झोपत न्हाई.”

तो म्हणाला, “काका, त्या शिरेलीतल्या मानसाला बारा वर्सं लागली. मला एक रात पुरती.”

आम्ही त्याला अहिंसा सांगितली नाही. त्याच्या घरातली कोऱ्या कापडात बांधलेली कागदपत्रे सोडून साक्षीदारांची यादी काढली. डोळ्यांनी पाहणारे तिघे. एक पुण्याला कामाला गेला होता आणि फोन उचलत नव्हता. दुसरा आरोपींच्याच शेतावर सालाने होता. तिसरे नाव याचे स्वतःचे. आम्ही म्हटले, “तू आत गेलास की हे नाव गेलं. मग दादाचा खटला राहत नाही. दोन घरांचं जुनं वैर होतं, असं लिहून मोकळे होतील.”

बराच वेळ तो त्या कागदाकडे पाहत बसला. मग म्हणाला, “आन् साक्ष देऊन बी सुटले तर?”

“हायकोर्ट,” आम्ही म्हणालो.

तो हसला. त्या हसण्याला आमच्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही. पण त्याने मोबाइल बाजूला ठेवला आणि कागद पुन्हा नीट बांधले.

साक्षीच्या दिवशी सरतपास लवकर आटोपला. उलटतपास दोन तास चालला. किती फुटांवर होतास, चंद्र कुठल्या बाजूला होता, पहिला वार कोणाचा, सदरा कोणत्या रंगाचा. वकील तेच ते फिरवून फिरवून विचारीत होते आणि पोरगा तेच ते सांगत होता. एकदाच त्याचा आवाज अडकला, भावाने शेवटी काय म्हटले हे सांगताना. बाहेर आला तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. त्याने आधी पाणी प्यायले, मग विचारले, “काका, मुरुडची गाडी कितीला हाय?”

निकाल व्हायचा आहे. पुढची तारीख पंधरा दिवसांवर आहे आणि त्या दिवशी तपास अधिकाऱ्याची साक्ष आहे. आम्ही किरकोळ रजेचा अर्ज आज साहेबांच्या टेबलावर ठेवला. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती काम’ असे लिहिले आहे.